वीस मिलिमीटर, पण कुठून?

पेशंटच्या कार्डावर दाढेचा नंबर आणि तिच्या मुळातल्या नळ्यांची मापं, मिलिमीटरमध्ये, लिहिली होती: ३६, एमबी २०, एमएल १९.५, डिस्टल २०.५. अक्षर माझंच. त्या आकड्यावर मी भरवसा ठेवला आणि एका भल्या माणसाची रात्र वाया घालवली.

वरूड तालुक्यातल्या एका बाजारगावात माझा दातांचा दवाखाना आहे. खाली कृषी केंद्र, वर मी. जिना चढताना खताचा वास, वर आलं की लवंगेच्या तेलाचा. संत्र्याचा मुलूख असल्यामुळे माझ्या अपॉइंटमेंटा कॅलेंडरवर चालत नाहीत, बहारावर चालतात. आंबियाची तोड सुरू झाली की ज्याची दाढ अर्धी उघडून ठेवलीय तोही महिनाभर तोंड दाखवत नाही. माल गाडीत भरून झाला की उगवतो. "राह्यलं होतं ना मॅडम थे आपलं." काय राहिलं होतं ते त्याला आठवत नसतं. मला कार्ड काढून बघावं लागतं. म्हणून कार्डावरचा आकडा हा माझ्याकडे फार मोलाचा ऐवज.

तर मोटरवाले काका. गावात सगळे त्यांना हेच म्हणतात. बोअरमधली सबमर्सिबल मोटर काढायची, बांधायची, परत सोडायची, हा त्यांचा धंदा. आमच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात जमिनीतलं पाणी इतकं उपसून झालंय की सरकारदरबारी आम्ही 'डार्क झोन'. मार्च लागला की काकांचा फोन थांबत नाही. पाणी खाली गेलं, पाईप वाढवा. अशा ऐन हंगामात, एप्रिलमध्ये, ते गालाला गमछा धरून जिना चढून आले. गार पाणी लागलं की ठणका, रात्री आडवं झालं की डबल ठणका.

"काढूनच टाका मॅडम. कायले नादी लागता."

दाढ चांगली होती. मुळाभोवती हाड शाबूत, फक्त मधे कीड नसेपर्यंत पोचलेली. मी म्हटलं, वाचवू. त्यांनी विचारलं, नस मारता का? आमच्याकडे रूट कॅनलला 'नस मारणं' म्हणतात आणि मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

नस मारायची म्हणजे दाढेच्या मुळातल्या केसाएवढ्या नळीतून सडलेला गर काढायचा, नळी घासून धुऊन कोरडी करायची आणि भरून बंद करायची. ऐकायला सोपं. अडचण एवढीच की ही नळी मला दिसत नाही. वरून तोंड दिसतं, खालचं टोक हाडात. आत जाणारी सुई, म्हणजे फाइल, नेमकी किती खोल न्यायची? कमी गेली तर टोकाजवळ कुजका गर राहतो आणि सहा महिन्यांनी, वर्षानं हिरडीवर पुळी येते. जास्त गेली तर मुळाच्या बाहेर, जिवंत हाडात टोचते आणि आतली घाणही सोबत बाहेर ढकलते. मधली जी जागा आहे तिथे थांबायचं. त्या अंतराला आम्ही वर्किंग लेंग्थ म्हणतो.

थांबायची जागाही मुळाच्या अगदी टोकाला नसते. नळी शेवटी जराशी आवळते, सुरईच्या गळ्यासारखी, आणि मग परत फाकून बाहेर उघडते. थांबायचं त्या गळ्याशी. १९५५ साली कुटलर यांनी मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली घालून मापली. गळा ते बाहेरचं भोक हे अंतर तरुणांत साधारण अर्धा मिलिमीटर, वय वाढलं की मुळावर बाहेरून थर चढत जातो म्हणून थोडं जास्त. आणि भोक बहुतेक वेळा टोकाच्या बरोबर मधोमध नसतंच, बाजूला सरकलेलं असतं. म्हणजे एक्स-रेत मुळाचं जे टोक दिसतं ते थांबायचं ठिकाण नव्हे. त्याच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? ज्वारीचा दाणा घ्या आणि त्याचे सात-आठ भाग करा. त्यातला एक.

यात आमच्या भागाची स्वतःची भर म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घोटून घोटून. दिवसभर गालात. सुपारीनं दाढांचे कस्प, म्हणजे वरचे डोंगरासारखे उंचवटे, झिजून पार सपाट पाट होतात. दाढ वरून झिजते तसा आतला गर मागे सरकतो आणि नळ्या बारीक होत जातात. चाळिशीतल्या माणसाच्या दाढेत सत्तरीतल्यासारख्या नळ्या मी बघितल्यात. शिवाय तोंड उघडत नाही. गालाच्या आत पांढरे पट्टे तयार होतात, ताठ, दोरीसारखे, आणि माणूस दोन बोटं घालण्याइतकाच जबडा उघडू शकतो. तिथे २५ मिलिमीटरची फाइल उभीच राहत नाही. २१ ची आखूड घ्यायची, तिलाही बोटांनी वाकवत वाकवत आत सोडायची. फिल्म ठेवायची तर जीभ आणि हाड यांच्यात जागा नाही. कॉलेजात फँटम हेडवर शिकलो तेव्हा प्लॅस्टिकच्या त्या माणसाचं तोंड कसं हवं तेवढं उघडायचं!

काका खर्रा खायचे, पण बेतानं. तोंड तीन बोटं उघडत होतं.

इंजेक्शन दिलं, दाढ उघडली. तीन नळ्यांची तोंडं सापडली: पुढच्या मुळात दोन, गालाकडची एमबी आणि जिभेकडची एमएल, मागच्या मुळात एक डिस्टल. माझ्या मदतनीस मावशींना फाइलचा नंबर वाचायला चष्मा लागतो, रंगाला लागत नाही. ८ ची करडी, १० ची जांभळी, १५ ची पांढरी. मी 'जांभळी' म्हणते, त्या जांभळी देतात. तिच्यावर रबराची इवलीशी चकती असते, स्टॉपर. पट्टीवर फाइल धरून चकती सरकवायची आणि दाढेच्या एका ठरावीक उंचवट्याला चकती टेकली की टोक आत अमुक मिलिमीटरवर पोचलं, असा हिशोब. चकती आडवी सरळ हवी. जरा कलली की अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा घोळ झालाच.

पहिला अंदाज पुस्तकातला. खालच्या पहिल्या दाढेची लांबी सरासरी २१ मिलिमीटर, वरचा सुळा २६-२७. सरासरी म्हणजे कुणाचीच नाही, पण सुरुवात करायला बरी.

मग बोट. जुने लोक बोटावर फार जायचे. फाइल गळ्याशी आली की हलकी अडते, हाताला कळतं. मला कळतं का? कधी कधी. झिजलेल्या दाढेच्या बारीक नळीत फाइल वाटेत चार ठिकाणी अडते आणि प्रत्येक वेळी वाटतं हेच टोक. बोटावर मी पैज लावणार नाही.

मग एक्स-रे. याच्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझी पहिली काही वर्षं यातच गेली. आता सेन्सर आहे, दोन सेकंदांत चित्र पडद्यावर. सुरुवातीला फिल्म होती आणि मी ती एका डब्यात हात घालून स्वतः धुवायचे. आधी डेव्हलपर, मग पाणी, मग फिक्सर. डेव्हलपरचं गणित वीस अंशांना साधारण पाच मिनिटं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला जातो. डब्यातला डेव्हलपर चहासारखा. फिल्म घातली की बघता बघता काळी, मुळाचं टोक गायब. कूलरसमोर ठेवून पाहिलं, उपयोग नाही. शेवटी मावशींनी उपाय काढला. जुन्या फुटक्या माठाच्या बुडात पाणी आणि वाळू घालून त्यात डेव्हलपरची वाटी. वीस अंश नाही झाले, पण फिल्म वाचता येऊ लागली. त्यापेक्षा मोठा शोध आमच्या दवाखान्यात अजून लागलेला नाही.

फिल्म वाचता आली तरी ती खरं बोलतेच असं नाही. एक्स-रे म्हणजे सावली. एक्स-रे यंत्राची नळी जास्त उभी धरली तर दाढ आखूड दिसते, आडवी धरली तर लांबते, सकाळ-दुपारच्या सावलीसारखं. म्हणून आत मापाची फाइल ठेवूनच फोटो काढायचा. फाइल खरी किती ते मला माहीत असतं, फोटोत किती दिसते ते मोजता येतं, तोच भाग दाढेला लावायचा. फाइल आत १९, फोटोत २० दिसतेय, दाढ फोटोत २२; तर १९ गुणिले २२ भागिले २०, म्हणजे दाढ २१ ला थोडी कमी. त्रैराशिक. सातवीच्या पोराला येईल.

पुढच्या मुळातल्या दोन नळ्या फोटोत एकावर एक येतात, ही आणखी एक कटकट. यंत्राची नळी जरा पुढून तिरकी धरली की दोन सुया सुट्या दिसतात. पण कुठली कुठली? यंत्राची नळी ज्या बाजूला नेली त्याच बाजूला जी सरकते ती जिभेकडची, उलट सरकते ती गालाकडची. क्लार्क नावाच्या माणसानं १९१० साली हे सांगून ठेवलं. मला ते परीक्षेपुरतंच पाठ होतं. एकदा एसटीनं अमरावतीला जाताना खिडकीतून बघत होते. जवळची बाभूळ मागे पळत होती, लांबचा डोंगर माझ्याबरोबर येत होता. गाल यंत्राच्या नळीच्या जवळ, जीभ लांब. तेव्हा कुठे डोक्यात बसलं.

एक्स-रेचा उल्लेख आला की मला न्यू ऑर्लीन्सचे एडमंड केल्स आठवतात. रॉन्टगेननी १८९५ च्या नोव्हेंबरात किरण शोधले, आणि १८९९ साली केल्स रूट कॅनलची लांबी बघायला ते वापरत होते. फिल्म स्वतःच्या बोटांनी धरायची, यंत्राचा जोर स्वतःच्या हातावर तपासायचा. बोटं गेली, मग हात गेला. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच जीवन संपवलं. म्हणून पेशंटची बायको "मी धरतो ना फिल्म, काय होते" म्हणाली की मी तिला दाराबाहेर काढते. तिला राग येतो. येऊ दे.

तिसरा साक्षीदार म्हणजे मशीन, एपेक्स लोकेटर. हातात मावेल एवढा डबा, त्याच्या दोन वायरी. एका वायरीचा आकडा, म्हणजे हुक, ओठात अडकवायचा, दुसरीचा चिमटा फाइलला. १९४२ साली जपानमध्ये सुझुकींना कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करताना दिसलं की मुळाच्या टोकाशी पोचलेली फाइल आणि तोंडाची आतली त्वचा यांच्यातला विजेचा अडथळा ठरलेला असतो. १९६२ मध्ये सुनादांनी माणसात तो मोजला, साधारण साडेसहा किलो-ओहम, दात कुठलाही असो. जुनी मशीनं नळी ओली असली की फसायची. १९९० नंतर दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वापरून त्यांचं गुणोत्तर काढणारी आली, तेव्हापासून ओल्या नळीतही चालतं. माझ्या खर्रावाल्या पेशंटांसाठी, ज्यांच्या तोंडात फिल्म मावत नाही, हे मशीन म्हणजे देवच. वरच्या दाढांसाठीही. तिथे गालाच्या हाडाची सावली नेमकी मुळांच्या टोकावर येऊन बसते.

काकांच्या ओठात आकडा अडकवला तेव्हा त्यांनी डोळे मोठे केले.

"लाइन देऊन रायल्या का मॅडम?"

"बॅटरीवर आहे काका. कळणारसुद्धा नाही."

फाइल खाली सोडत गेले. टुक... टुक... टुक-टुक... पडद्यावर पट्ट्या खाली सरकत गेल्या. मग सलग टीऽऽ. लाल रेघ, म्हणजे बाहेर उघडणारं भोक. तिथून अर्धा मिलिमीटर मागे. पडद्यावर ०.५ ची खूण असते, पण ती पट्टीवरचा अर्धा मिलिमीटर नव्हे, नुसती खूण. मी लाल रेघेला जाऊन मागे येते.

काकांच्या तोंडात रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती ताणलेला रबराचा पडदा, त्यामुळे बोलता येत नव्हतं, पण हातानं खुणा करत होते. डॅम काढल्यावर पहिलं वाक्य: "हे तं आमच्या पाणी पाहाच्या वायरीसारखंच झालं!" बोअरमध्ये पाणी किती खोल आहे ते बघायला ते वायर सोडतात. टोक पाण्याला टेकलं की वर बझर वाजतो, वायरीवर खूण करून वर ओढायची आणि मापायची. सुझुकींचं काम मी चार वर्षं कॉलेजात शिकले. काकांनी तोंड बधिर असताना अर्ध्या तासात ओळखलं.

मशीन म्हणालं एमबी २०. एक्स-रे म्हणाला टोकाच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे. दोघांचं पटलं. आकडे कार्डावर लिहिले, औषध ठेवलं, वरून तात्पुरतं सिमेंट. आठ दिवसांनी या.

आले चोवीस दिवसांनी. तोंडावर ऊन रापलेलं, हाताला ग्रीस. ठणका थांबला होता म्हणून कामाला लागले होते. मधल्या काळात त्याच बाजूनं भाजलेले शेंगदाणे खाल्ले आणि दाढेचा पुढचा, गालाकडचा कस्प तुटला. तुटलेली कड जिभेला-गालाला लागत होती. मी एअरोटरनं ती घासून गुळगुळीत करून दिली. काम बरं झालं म्हणून मनात खूशही झाले.

तेवढ्यात लाइन गेली. आमच्याकडे ही काही बातमी नव्हे. इन्व्हर्टरवर दिवा आणि पंखा चालतो, एक्स-रे चालत नाही. बुधवार, बाजाराचा दिवस, बाहेर बाकावर सात माणसं, एक लेकरू सूर लावून रडतंय. लोकेटर ड्रॉवरमध्ये होता, चार्ज केलेला. काढायला अर्धं मिनिट. पण आकडा तर कार्डावर होता ना. दोन साक्षीदारांनी सही केलेला. मी फाइलवर चकती २० वर लावली, जांभळीपासून लाल, म्हणजे २५ नंबरपर्यंत एमबी घासली. दाढ बधिर. काका शांत. बाहेरचं लेकरूही शांत झालं.

रात्री साडेतीनला फोन. सकाळी सातला काका दाराशी.

"मॅडम, रातभर डोयाले डोया नाई लागला."

लाइन होती. फाइल घालून, चकती २० वर, एक्स-रे घेतला. पडद्यावर सुईचं टोक मुळाच्या बाहेर हाडात, जवळजवळ दीड मिलिमीटर. आधी माझा जीव ओठाच्या नसेपाशी गेला, ती त्याच जबड्यातून जाते. ओठाला, हनुवटीला टोचून विचारलं, बधिर नव्हतं. कागदाची कोरडी वात आत घालून काढली, टोकाला लाल ठिपका. शंका उरली नाही. पण चूक कुठे झाली हे मला तरी कळेना. आकडा बरोबर, पट्टी बरोबर, चकती सरळ. मी कार्डाकडे बघतेय, पडद्याकडे बघतेय.

काका तोंडात कापूस घेऊन पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "थे ईस माप तुमी कुठून घेतलं होतं?"

"कुठून म्हणजे?"

"म्हंजे वरतून कुठून? केसिंगच्या तोंडापासून का जमिनीपासून?"

मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून ते सांगत सुटले. बोअरचं केसिंग, म्हणजे तोंडाशी बसवलेला पाईप, जमिनीच्या वर फूट-दीड फूट असतं. मालक म्हणतो मोटर अमुक फुटांवर आहे. पण कशापासून, ते त्याच्या बापाला माहीत होतं, बाप गेला. मधे कुणी ओटा बांधला, कुणी ट्रॅक्टर घातला आणि केसिंग वाकलं म्हणून कापलं. मग जुना आकडा धरून पाईप सोडले की मोटर गाळात. "म्हून मी तं झाकणीवर पेंटनं लिवून ठेवतो, माप कुठून हाय थे. हे तुटलं ना इथं," त्यांनी बोटानं गाल ओढून दाखवला, "दोन मिलिमीटर वरतून गेलं. तं खालून दोन जास्त नाई का उतरन?"

दोन वरून गेले. अर्धा मी अलीकडे थांबले होते. म्हणून दीड बाहेर. पडद्यावर तंतोतंत दीड.

एमएल आणि डिस्टल वाचले, कारण त्यांचे कस्प जागेवर होते. चकती त्यांना टेकत होती.

मी सांगितलं, काका, चूक माझी आहे. ते म्हणाले, असू द्या, होते. मग लगेच म्हणाले, "पैसे नाई घ्याचे मंग आजचे." नाही घेतले.

पुढचं काम निगुतीनं केलं. लोकेटर लावला, घासून सपाट झालेल्या नव्या कडेपासून एमबी १८. गळा तर मी फाडून बसले होते. तो आता नव्यानं घडवायचा, म्हणून १७.५ वर थांबून हिरव्या, ३५ नंबरच्या फाइलपर्यंत गेले, म्हणजे भरताना मसाला बाहेर सांडायला नको. हलक्या हातानं धुतलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवलं, दुखायची गोळी दिली. ताप नाही, सूज नाही, म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. हे समजवायला उपचारापेक्षा जास्त वेळ लागला. आमच्याकडे 'पावरची गोळी' दिली नाही तर डॉक्टर कच्चा. तिसऱ्या दिवशी ठणका गेला. दोन आठवड्यांनी भरलं. गटापर्चाची, म्हणजे नळीत भरायच्या रबरासारख्या मसाल्याची, काडी १७.५ वर गेली आणि ओढताना हलकी धरून राहिली, तेव्हा मी श्वास सोडला. फोटोत भराव तिन्ही नळ्यांत टोकाच्या आत.

आता मी कस्प आधीच बघते. पोखरलेला, भेगाळलेला, झिजून पत्र्यासारखा झालेला असेल तर माप घ्यायच्या आधीच तो उतरवून सपाट करते, तसंही पुढे कॅप बसायचीच असते. आणि लिहिताना पूर्ण लिहिते: 'एमबी १८, घासलेल्या एमबी कस्पपासून, लोकेटर अधिक एक्स-रे, तारीख'. वाकड्या मुळात वरचा भाग रुंद करून झाला की परत मापते, कारण वळण थोडं सरळ होतं आणि नळी अर्धा-एक मिलिमीटर आखूड भरते. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. ज्या बैठकीत काम करायचं त्याच बैठकीत माप घ्यायचं, हेही पाठ होतं. पाठ असण्यानं काय होतं.

मावशींनी आता लोकेटर ड्रॉवरमधून काढून ट्रेच्या शेजारी ठेवलाय. लाइन असो-नसो, आधी ओठात आकडा. नवीन पेशंट घाबरले तर त्याच सांगतात, "घाबरू नका, बोअरवाल्यायची मशीन हाय."

काकांची दाढ आता दुखत नाही. त्या दाढेवर कॅप बसवायची आहे, नाहीतर नस काढलेली दाढ एखाद दिवशी उभी चिरते, मग खरोखरच काढावी लागेल. हे मी त्यांना चारदा सांगितलं. "पाणी पडू द्या मॅडम, मंग मी मोकळाच हावो." पाणी जूनमध्ये पडलं. जुलैतही पडलं. परवा खालच्या कृषी केंद्रात दिसले, त्याच बाजूच्या गालात खर्रा. मला बघून तोंड फिरवलं.